पराचा कावळा, पिसाचं पेन

कावळ्याचं किंवा कबुतराचं गळून पडलेलं एखादं मोठं पीस सापडलं तर उचला. देठाला धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पकडून टोकाकडून देठाकडे, म्हणजे उलट्या दिशेनं, ओढा. पीस विस्कटतं. मघाशी अखंड दिसणाऱ्या पात्याला फटी पडतात, कडा झिंज्यांसारख्या उभ्या राहतात. आता देठाकडून टोकाकडे हळूच दोन-तीनदा बोटं फिरवा. फटी बुजतात आणि पातं पुन्हा सलग होतं.

बॅगेची चेन लावावी तसंच हे आहे. पिसाचं पातं हे सलग कापडासारखं नसतंच. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी शेकडो तंतू फुटलेले असतात, प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू असतात आणि एका तंतूच्या उपतंतूंवरचे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात. आकडे सुटले की पीस विस्कटतं, अडकले की मिटतं. पक्षी दिवसातला बराच वेळ चोचीनं पिसं साफ करताना दिसतात, तेव्हा ते बऱ्याच अंशी ही चेन लावत बसलेले असतात. हे सगळं बांधकाम केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्या जातीच्या प्रथिनाची बनतात त्याचं. पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं. नखासारखंच.

आता या पिसाचे भाग बघा. खाली पोकळ देठ. वर निमुळता होत जाणारा दांडा. दोन्ही बाजूंना पातं. कड पातळ. वजन जवळजवळ नाही. रंग मात्र कधी कधी डोळे दिपवणारा. पिसावरून आलेले जितके म्हणून शब्द आणि अर्थ आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी यातला एकेक गुण उचललेला आहे. कोणी पोकळ देठ घेतला, कोणी पात्याचा आकार, कोणी हलकेपणा, कोणी पातळ कड. कोणता अर्थ पिसाच्या कुठल्या भागावर बसलाय हे शोधायला लागलं की हा पसारा बराच सुटसुटीत होतो.

सुरुवात घरच्या शब्दांपासून. मराठीत पीस, पर, पंख, पिच्छ, पिसारा असे पाच शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पंख म्हणजे अख्खा अवयव, आपल्या हाताच्या जागी असलेला, हाडामांसाचा. पीस म्हणजे त्या पंखावरचा किंवा अंगावरचा एक नग. हिंदीत पंख हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. तिथून तो सवयीनं मराठीतही आला आणि ‘मोराचा पंख वहीत ठेवला’ असं लोक बिनदिक्कत म्हणू लागले. एवढी मोठी वही मी तरी पाहिलेली नाही. ‘मोरपंखी’ रंग मात्र आता इतका रुळलाय की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पिसारा म्हणजे शेपूट, हाही असाच एक समज. मोर जो पिसारा फुलवतो ती त्याची शेपूट नव्हे. शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला जी झाकणपिसं असतात, ती वाढून वाढून पिसारा होतो. दीडशे-दोनशे लांब पिसांचा तो डोलारा उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागे खऱ्या शेपटीची वीसेक आखूड, मळकट पिसं टेकू देऊन उभी असतात. नाचणाऱ्या मोराला मागून बघायला सहसा कोणी जात नाही, त्यामुळे त्यांची कधी चर्चा होत नाही.

‘पीस’ हा शब्द संस्कृत ‘पिच्छ’वरून आला. च्छचा स कसा काय झाला, असा प्रश्न पडला तर मराठीत ही वाट जुनीच आहे. पृच्छ् धातूवरून पुसणं आलं, कुक्षीची कूस झाली, इक्षूचा ऊस झाला. शेवटच्या दोघांत मुळात क्ष आहे, पण तो प्राकृतात आधी च्छ झाला आणि मग मराठीनं त्याचा स केला. नियम एकच, त्यामुळे पिच्छाचं पीस होण्यात आश्चर्य काही नाही.

गंमत पुढे आहे. ‘वेडापिसा’मधलं पिसं हे पक्ष्याचं नाही. एखाद्या गोष्टीचं पिसं लागणं, पिसाट सुटणं, कुत्रं पिसाळणं, ही सगळी मंडळी ‘पिशाच’ या शब्दाच्या घरची. पिशाच्च अंगात शिरल्यासारखा वागतो तो पिसा. घासून घासून दोन वेगळे शब्द सारखे गुळगुळीत झाले आणि एकाच उच्चाराचे होऊन बसले. वाऱ्यावर भिरभिरणारं पीस आणि वेड यांची सांगड मनाला इतकी पटते की मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. ‘पिच्छा पुरवणे’ हे आणखी एक फसवं प्रकरण. त्यातला पिच्छा म्हणजे पाठलाग. त्याचं नातं ‘पश्च’शी, मागच्या बाजूशी. मोरपिच्छाशी त्याचा काही संबंध नाही.

खरोखर पिसाचे म्हणावेत असे वाक्प्रचार मराठीत थोडेच आहेत, पण आहेत ते झणझणीत आहेत. ‘पिसं काढणे’ म्हणजे भर सभेत किंवा अग्रलेखात एखाद्याची इतकी बारकाईनं झाडाझडती घेणं की शेवटी तो सोललेल्या कोंबडीसारखा दिसावा. पीस हेच पक्ष्याचं अंगावरचं कापड आहे, हा गुण इथे पकडलाय. आणि ‘पराचा कावळा करणे’. एक पीस दिसलं आणि त्यावरून अख्खा कावळा उभा केला. अतिशयोक्तीसाठी इतकी नेमकी म्हण क्वचितच सापडेल, कारण यात खोटं बोलणं नाही. पीस खरंच होतं, फक्त कावळा नव्हता.

या म्हणीतला ‘पर’ फारसीतून आलाय. तिथे पर म्हणजे पीस किंवा पंख. इथून पुढे भाषेचं जाळं खूप लांबवर जातं. फारसी ‘पर’ आणि संस्कृत ‘पर्ण’ हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज. पर्ण म्हणजे पान हे आपण शाळेत शिकतो, पण जुन्या संस्कृतात पर्णाचा अर्थ पंख आणि पीस असाही आहे. गरुडाला सुपर्ण म्हणतात ते त्याची पानं सुंदर म्हणून नव्हे. त्याच कुळातून इंग्रजीत ‘फर्न’ आला. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पात्या फुटलेली ती वनस्पती एकदा पिसाशेजारी धरून बघितली की नाव कशावरून पडलं ते कोणी सांगावं लागत नाही. जाता जाता, ‘परी’ या शब्दाचा या ‘पर’शी संबंध नाही. पंख आहेत म्हणून परी, हे ऐकायला झकास आहे, पण परी अवेस्ता या पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातल्या ‘पइरिका’पासून आली, आणि ती पइरिका काही फार भली बाई नव्हती.

पर्णाचं झालं तेच पत्राचंही. संस्कृतात पत्र म्हणजे पंख, पीस आणि पान. मूळ धातू ‘पत्’, म्हणजे उडणं आणि पडणं. दोन्ही. पतंग उडतो तो याच धातूवर आणि पतन होतं तेही याच धातूवर. पीस या दोन्ही गोष्टी करतं, पान निदान दुसरी तरी करतंच. पुढे पानावर लिहायला लागले, लिहिलेलं पान म्हणजे पत्र झालं, आणि तिथून पत्रिका, पत्रकार, पत्रव्यवहार, खेळायचे पत्ते.

हाच धातू युरोपातल्या भाषांमध्येही आहे. संस्कृतातला शब्दाच्या सुरुवातीचा प इंग्रजीत बहुधा फ होऊन येतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, तसंच पत्र आणि फेदर. ग्रीकमध्ये तो ‘प्टेरॉन’ झाला, म्हणजे पंख. हेलिकॉप्टर शब्दाची फोड आपण सवयीनं हेली आणि कॉप्टर अशी करतो, म्हणून हेलिपॅड वगैरे शब्द तयार झाले. खरी फोड हेलिको आणि प्टर. मळसूत्रासारखा फिरणारा पंख. लॅटिनमध्ये त्याच धातूचा शब्द झाला ‘पेन्ना’, अर्थ पीस, आणि त्यावरून पेन.

म्हणजे पेनानं पत्र लिहिणारा माणूस, शब्दांच्या हिशेबात, पिसानं पिसावर लिहीत असतो.

पंख हा आपला शब्दही असाच भटका. मूळ ‘पक्ष’, म्हणजे पंख, मग बाजू. पक्ष असलेला तो पक्षी. पक्ष्याला दोन बाजूंना दोन पंख, तसे महिन्याला दोन पक्ष, वादाला दोन पक्ष आणि मग राजकारणातले पक्ष, ज्यांची संख्या दोनवर थांबली नाही. पक्षपात म्हणजे एका बाजूला झुकून पडणं, आणि त्यातला ‘पात’ पुन्हा त्याच पत् धातूचा.

पेनाकडे परत येऊ, कारण तिथे शब्दामागची वस्तू हातात धरता येते. युरोपात साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून ते एकोणिसाव्या शतकात पोलादी निब स्वस्त होईपर्यंत, हजार वर्षांहून जास्त काळ, लिहायचं साधन म्हणजे पीस. बहुतेक वेळा हंसकुळातल्या पाळीव गूसचं, पंखाच्या टोकाकडच्या मोठ्या चार-पाच पिसांपैकी एक. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस बरं पडतं, कारण त्याचा बाक हातापासून आणि डोळ्यांपासून बाहेरच्या बाजूला जातो. ताजं पीस मऊ असतं, म्हणून देठ तापलेल्या वाळूत खुपसून आधी कडक करून घ्यायचा. मग छोट्या चाकूनं तिरका काप, टोकाला बारीक चीर, आणि झाली लेखणी. पोकळ देठात शाई थोडी साठते आणि चिरेतून उतरते. लिहिता लिहिता टोक झिजतं, पुन्हा तासावं लागतं. खिशातल्या छोट्या चाकूला इंग्रजीत अजूनही पेननाइफ म्हणतात ते त्यामुळे.

चित्रांत आणि सिनेमात लेखकाच्या हातात झुबकेदार, डौलदार पीस असतं. रोज लिहिणारे कारकून ते झुबके खरवडून टाकत असत, कारण ते बोटांना लागतात आणि मध्ये मध्ये येतात. कामाचा होता तो देठ.

पेन्सिलचं मात्र पेनाशी नातं नाही. तिचं मूळ ‘पेनिसिलस’, म्हणजे लहानशी शेपटी, आणि त्यावरून कुंचला. पेनिसिलीनही तिथलंच. ज्या बुरशीपासून ते मिळालं ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते.

कलम हा आपल्याकडचा शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी ग्रीक ‘कालामोस’, म्हणजे बोरू, असं सांगतात. लिहायचं ते कलम, लिहिलेलं कायद्याचं ते कलम, आणि तिरकं कापून जोडलेलं आंब्याचं तेही कलम. आता शरीरशास्त्राच्या पुस्तकात पिसाचा नकाशा उघडा. खालच्या पोकळ देठाचं शास्त्रीय नाव आहे ‘कॅलमस’. तोच बोरू, लॅटिन वेशात. म्हणजे लेखणीला पिसाचं नाव मिळालं आणि पिसाच्या देठाला लेखणीचं. वनस्पतिशास्त्रातही अशीच अदलाबदल झाली आहे. जुन्या काळी पिसाला पानाचं नाव होतं, आणि आज कडुनिंबासारख्या, मधल्या शिरेला दोन्हीकडे पर्णिका असलेल्या पानाला शास्त्रज्ञ ‘पिच्छाकृती’ पान म्हणतात.

पंखातलं पीस आणि अंगावरचं पीस यांत फरक कसा ओळखायचा? दांड्याच्या दोन्ही बाजू तपासा. उडण्याच्या पिसात एक बाजू अरुंद असते, वारा कापणारी, आणि दुसरी रुंद. त्यावरूनच ते डाव्या पंखातलं की उजव्या तेही कळतं. हे कळण्याचा फायदा लेखणी करणाऱ्यांना झाला आणि त्यांच्या आधी बाण करणाऱ्यांना. बाणाच्या शेपटीला सहसा तीन पिसं लावतात आणि ती तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली घेतात, म्हणजे वाऱ्यात बाण एकाच दिशेनं गरगरत सरळ जातो. डावी-उजवी मिसळ झाली तर ते एकमेकांच्या विरोधात काम करतात.

बॅडमिंटनच्या शटलमध्ये हेच तंत्र चालू आहे. नियमानुसार पिसांच्या शटलला १६ पिसं असतात, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या आत लागतं, आणि पिसं गूसची किंवा बदकाची, एकाच बाजूच्या पंखातली निवडतात. एक पीस दुसऱ्यावर किंचित चढवून गोलात बसवलेलं असतं, त्यामुळे शटल उडताना स्वतःभोवती फिरतं. रॅकेटचा फटका बसला की ते हवेतच उलटतं, बूच पुढे आणि पिसं मागे, आणि सुरुवातीचा प्रचंड वेग पिसांच्या अडथळ्यानं झटक्यात उतरतो. खेळणाऱ्यानं एक पीस तुटलेलं शटल मारून बघावं. ते सरळ जायला तयारच नसतं. मराठीत जुने खेळाडू त्याला ‘फूल’ म्हणतात, आणि मला तो शब्द शटलपेक्षा कितीतरी आवडतो.

हलकेपणाचा अर्थ सगळ्या भाषांना सापडलेला आहे, त्यामुळे तिथे फार रेंगाळायला नको. बॉक्सिंगमधला फेदरवेट गट घोड्यांच्या शर्यतीतून आला. शर्यतीत घोड्यावर लादायच्या सगळ्यात कमी वजनाला ते नाव होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ती मर्यादा १२६ पौंडांची, म्हणजे सुमारे ५७ किलो. पण पीस हलकं असलं तरी पिसं हलकी नसतात. अमेरिकेतल्या टकल्या गरुडाची सगळी पिसं एकत्र तोलली तर त्यांचं वजन त्याच्या हाडांच्या सापळ्याच्या दुपटीहून जास्त भरतं. एका उत्तर अमेरिकी हंसाच्या अंगावरची पिसं कोणीतरी चिकाटीनं मोजली होती. ती २५,२१६ निघाली, आणि त्यातली बहुतेक डोक्यावर आणि मानेवर.

पिसाचं वजन या गोष्टीला जितकं गांभीर्य प्राचीन इजिप्तनं दिलं तितकं कोणी दिलं नसेल. माणूस मेल्यावर त्याचं हृदय तराजूच्या एका पारड्यात ठेवायचं आणि दुसऱ्यात ‘मात’ या सत्याच्या देवतेचं शहामृगाचं पीस, अशी त्यांची कल्पना. हृदय पिसापेक्षा जड ठरलं तर शेजारी बसलेली, मगरीच्या तोंडाची अम्मित ते खाऊन टाकणार. चित्रलिपीत पिसाचं हे चिन्ह सत्य आणि न्याय या अर्थानं येतं.

दुसरं तोलणं चंद्रावर झालं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतला डेव्हिड स्कॉट एका हातात हातोडा आणि दुसऱ्यात ससाण्याचं पीस घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही एकदम सोडले. पीस ससाण्याचंच का, तर त्यांच्या चंद्रयानाचं नाव ‘फाल्कन’ होतं. दोन्ही वस्तू एकाच क्षणी जमिनीला लागल्या. आपल्याकडे पीस तरंगत येतं ते त्याचं वजन कमी म्हणून नव्हे. त्याच्या पसरट पात्याला हवा अडवते, आणि वजनाच्या मानानं तो अडथळा फार मोठा पडतो. चंद्रावर हवाच नाही. पीस दगडासारखं पडतं हे बघताना डोळ्यांना खोटं वाटतं, मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला तरीही.

मग येतो पातळ कडेचा अर्थ. इंग्रजीत फेदर हा शब्द क्रियापद म्हणूनही चालतो आणि तो तसाच आपल्या बोलण्यात आलाय. माझी त्याच्याशी ओळख फोटो एडिटिंगच्या मेनूत झाली. माणसाचा फोटो पार्श्वभूमीतून कापून दुसरीकडे चिकटवायचा होता, आणि कितीही नीट कापला तरी तो कात्रीनं कापून डकवलेला दिसायचा. ‘फेदर’ शून्यावर होतं. ते दोन-तीन पिक्सेलवर नेलं आणि कड विरघळली. काठावरचे पिक्सेल पूर्ण ठेवण्याऐवजी थोडे थोडे पुसट करत नेले की नजरेला सांधा कळत नाही. पिसाची कड अशीच असते, एकदम संपत नाही, विरळ होत जाते. केसांचा फेदर कट म्हणजे हेच, फक्त कात्रीनं.

वल्हवणारे लोकही ‘फेदर’ करतात. वल्हं पाण्याबाहेर आलं की त्याचं पातं मनगटानं आडवं करायचं, म्हणजे पुढे नेताना वारा अडवत नाही. पंख्याच्या विमानात याच शब्दावर प्राण अवलंबून असू शकतात. हवेत एक इंजिन बंद पडलं की त्याच्या पंख्याची पाती समोरच्या वाऱ्याला थोपवत राहतात, वाऱ्यानंच भेलकांडत फिरतात आणि विमानाला एका बाजूला खेचतात. म्हणून ती पाती फिरवून त्यांची कड वाऱ्याच्या दिशेला करतात. वाऱ्याला फक्त धार दिसते, रुंदी दिसत नाही. पंखा थांबतो, ओढ कमी होते, आणि उरलेल्या इंजिनावर विमान नेता येतं. याला पंखा फेदर करणं म्हणतात.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मोरपिसातला निळा रंग त्यात भरलेला नसतो. ते पीस कुटून भुगा केला तर हाती तपकिरी पूड येते, कारण आतला रंग म्हणजे मेलॅनिन, आपल्या केसांतलं. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या पिसाच्या उपतंतूंत जाळीसारख्या नेमक्या अंतरावर रचलेल्या असतात. प्रकाश त्या रचनेवरून परतताना काही रंग एकमेकांना मारतात आणि काही वाढवतात. अंतर थोडं बदललं की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा सोनेरी. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच जातीचा हा खेळ. फ्लेमिंगोचा गुलाबी मात्र खरा रंग आहे, खाण्यातून पिसांत उतरलेला. त्याचं खाणं बदललं तर तो पांढरट पडतो.

दिखाव्याच्या पिसांनी माणसाच्या डोक्यावर फार लवकर जागा पटकावली. कलगी म्हणजे पागोट्यावरचा पिसांचा झुबका, तुराही त्याच जागेवरचा. ‘शिरपेचात मानाचा तुरा’ खोवताना आज कोणाच्या डोक्यावर शिरपेच नसतो, आणि दोन पुढारी एकमेकांवर तुटून पडले की बातमीत ‘कलगीतुरा रंगला’ येतं. फ्रेंचमधून आलेला ‘पनाश’, म्हणजे रुबाब, तोही मूळचा शिरस्त्राणावरचा तुराच. सन्मानाच्या उलट टोकाला पांढरं पीस. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस दिसलं तर तो अस्सल जातीचा नाही, लढणार नाही, असा समज होता. त्यावरून इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू होताच, एका निवृत्त ॲडमिरलनं बायकांना हाताशी धरून साध्या कपड्यांतल्या तरुणांना रस्त्यात पांढरी पिसं वाटायची मोहीम काढली. अर्थ एकच, तू भित्रा आहेस. रजेवर आलेल्या सैनिकांच्या हातातही ती पिसं पडली.

त्याच सुमाराला बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांसाठी बगळे इतके मारले जात होते की त्याविरुद्ध बायकांनीच संघटना काढल्या. ब्रिटनमधली पक्षिसंरक्षणाची मोठी संस्था १८८९ मध्ये अशीच सुरू झाली. १९२१ मध्ये तिथे पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा झाला. ज्या पिसांसाठी हे सगळं चालू होतं ती बगळ्याला विणीच्या हंगामातच येतात, त्यामुळे पीस घ्यायला माणूस यायचा तेव्हा घरट्यात पिल्लं असायची.

आता शेवटची अडचण, आणि ती सगळ्यात मूलभूत आहे. फेदर, पत्र, प्टेरॉन, सगळ्यांच्या मुळाशी उडणं. भाषेनं पिसाची ओळख उडण्यावरून ठरवली. पण पीस उडण्यासाठी जन्मलेलं नाही. १९९६ मध्ये चीनच्या ल्याओनिंग प्रांतात एका लहान डायनासोरचा सांगाडा मिळाला, साडेबारा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्याच्या पाठीवर, शेपटीवर बारीक तंतूंची लव होती. साधी, आकडे नसलेली, उडायला अगदी निरुपयोगी पिसं. ऊब धरायला किंवा मिरवायला ती उपयोगी पडली असतील. पुढे २०१० मध्ये त्या तंतूंतल्या रंगद्रव्याच्या खुणांवरून त्याची शेपटी तांबूस आणि पांढऱ्या पट्ट्यांची होती असंही कळलं. या प्राण्याला पंख नव्हते. तरी त्याला नाव मिळालं साइनोसॉरॉप्टेरिक्स, म्हणजे चिनी सरड्याचा पंख. शब्दांचा हट्ट असा असतो.

आणि ‘प्टेरिक्स’वाल्या नावांतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे आर्किऑप्टेरिक्स, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, पिसांचे पंख असलेला, अर्धा डायनासोर आणि अर्धा पक्षी वाटावा असा प्राणी. १८६१ मध्ये जर्मनीत झोल्नहोफेनच्या परिसरातल्या खाणीत एक पीस सापडलं, एकटं, दगडात उमटलेलं, एका बाजूनं अरुंद आणि दुसऱ्या बाजूनं रुंद. हेर्मान फॉन मेयर या जर्मन जीवाश्मतज्ज्ञानं त्यावरून नाव जाहीर केलं. सांगाडेही मिळाले, पण ते पीस त्याच प्राण्याचं होतं का, यावर शास्त्रज्ञ अगदी अलीकडेपर्यंत भांडत आहेत, त्यामुळे पराचा कावळा झाला की काय ही शंका तिथेही आहेच. नावाचा दुसरा अर्धा भाग आहे ‘लिथोग्राफिका’, शिळाछापाचा. त्या खाणीतला चुनखडक इतका गुळगुळीत आणि बारीक कणांचा होता की छापखाने त्यावर मजकूर काढून छपाई करत. दगड खणणारे लोक छापायच्या पाट्या शोधत होते, आणि एका पाटीवर आधीच एक पीस छापलेलं निघालं.